तळेघरची कॅसेट

"नमस्कार, आजच्या ठळक बातम्या." हे वाक्य मी काही वर्षं रोज म्हटलं. तो 'आज' जुन्नरला त्याच संध्याकाळी दिसायचा, निरगुडसरला बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी, आणि तळेघरला दुसऱ्या दिवशी. मालकाला हे माहीत होतं, कॅमेरावाल्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलायची वेळ आली तेव्हा एका बाईची नोकरी गेलेली होती.

आता ते चॅनेल नाही. ज्या खोलीत ते चालायचं तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. बाजारात अजून कोणीतरी हटकतं, "तू टीव्हीवर होतीस ना गं?" मी हो म्हणते आणि भाजी निवडायला लागते. चॅनेलचा इतिहास लिही, असं दोघातिघांनी सुचवलं. त्यांना पहिली डिश, पहिली जाहिरात, जत्रेचं चित्रीकरण असं काहीतरी हवं असावं. तेही सांगते. पण माझ्यापुरता त्या चॅनेलचा इतिहास म्हणजे तळेघरला गेलेली आणि परत न आलेली एक कॅसेट आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, जुन्नरच्या बाजारातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी. पत्रकं मात्र त्यांच्या जिवाभावाची. धरणात जमीन गेलेल्यांची, शिक्षकांची, हिरडा गोळा करणाऱ्यांची. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं पत्रक आप्पा स्वतः लिहायचे आणि स्वतःच जुळवायचे. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या बिघडलेल्या प्रतींवर. पुढच्या बाजूला 'जाहीर निषेध', मागच्या कोऱ्या बाजूला माझे पाढे. शाळेतल्या निबंधात मी 'बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात केली म्हणून बाईंनी वर्गात उभं केलं होतं.

पत्रकाबाबत आप्पांचा एक कडक नियम होता. वार, तारीख, वेळ, ठिकाण. चारही पाहिजेत. कोणी 'उद्या मोर्चा' असं लिहून आणलं की ते चष्म्यावरून बघायचे. "हा कागद उद्या कुठं असेल? भिंतीवर असेल, नाहीतर भज्यांखाली असेल. वाचणाऱ्याचा उद्या कुठला, ते तुम्ही कसं ठरवणार?" आणि सगळ्यात खाली छापखान्याचं नाव. कायदाच तसा होता, पण आप्पांना त्यात कायद्याचं काही वाटत नसे. चारचौघांत सांगायचं तर खाली आपलं नाव असू द्यायचं, इतकी साधी गोष्ट.

चॅनेलच्या मालकाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दुकानाच्या गच्चीवर डिश बसवली आणि विजेच्या खांबांवरून, कौलांवरून, एका ठिकाणी तर चिंचेच्या फांदीवरून काळ्या वायरी ओढून बाजारपेठेतल्या घरांत आणल्या. रात्री एक सिनेमा लावायचे, रविवारी दोन. मग एका वर्षी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाला हाताशी धरून त्यांनी जत्रा चित्रित केली आणि तीच कॅसेट दुसऱ्या दिवशी लावली. बाजार ओस पडला. माणसं आपापल्या घरात बसून स्वतःला बघत होती. एक म्हातारी कुस्तीच्या गर्दीत स्वतःचा मुलगा दिसला म्हणून टीव्हीला हात लावून रडली, असं शेठ नेहमी सांगायचे. तो मुलगा तिच्या शेजारीच बसला होता, हेही सांगायचे.

आठवडाभरात कापड दुकानदार जाहिरात द्यायला आला. नंतर रोपवाटिका, बोअरवेलवाले, खाजगी शिकवणीवाले. दशक्रियेच्या सूचना. पुढाऱ्यांचे वाढदिवस. असं ते चॅनेल झालं.

मी बारावी होऊन बसले होते तेव्हा शेठशी भांडायला गेले होते. एका पुढाऱ्याचा वाढदिवस त्यांनी तासभर दाखवला आणि आमच्या आळीला कित्येक दिवस नळाला पाणी नाही, याचा एक शब्द नाही. मी आप्पांच्या भाषेत बरंच बोलले. शेठ सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "छान बोलतेस. मग ये उद्यापासून. तूच वाच."

मी गेले. नळाची बातमी पहिल्याच दिवशी वाचली आणि दोन दिवसांनी पाणी आलं. पाणी माझ्यामुळं आलं, असं मला बरेच महिने वाटत होतं. मोटर जळली होती, ती दुरुस्त झाली होती, हे नंतर कळलं.

दुकानाच्या वरच्या खोलीत निळं कापड ताणलेलं, पुढं टेबल, दोन्ही बाजूंना लग्नातले हॅलोजन. पंख्याचा आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद. घाम कपाळावर आला की कॅमेरावाला हात वर करायचा, मी पुसायचे, पुन्हा तेच वाक्य. अंगावरची साडी कापड दुकानदाराची, शेवटी त्याचं नाव यायचं. मला ते अजिबात पटत नव्हतं. नेसत मात्र होते.

दुपारी बारापर्यंत बातम्या रेकॉर्ड व्हायच्या. मग दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एकेका गावाची कॅसेट उतरवायची. बातम्या वीस मिनिटांच्या, म्हणजे प्रत्येक कॅसेटला वीस मिनिटं. पहिली कॅसेट लांबच्या गावाची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर चिकटपट्टीवर गावाचं नाव लिहून ती एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. त्या गावचा केबलवाला स्टँडवर उभा असायचा. संध्याकाळी सातला सगळीकडे एकदम मी दिसायचे, असं आमच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी जुनी कॅसेट परत, नवी रवाना.

तळेघरची कॅसेट घोडेगावला उतरायची आणि तिथून मुक्कामी गाडीनं वर जायची. ती गाडी पोचायची तोवर सात कधीच वाजून गेलेले असायचे. तिथल्या दुकानदाराकडे डिश होती, व्हीसीआर होता, आसपासच्या घरांत त्यानं वायरी दिल्या होत्या. तो कॅसेट दुसऱ्या संध्याकाळी सातला लावायचा. आमच्या कॅमेरावाल्याची त्यावर एक कोटी ठरलेली होती. "आपण सांगतो जुन्नरात पाऊस आला. तळेघरवाले म्हणतात, तो आमच्याकडनंच परवा गेला." आम्ही हसायचो. मीही हसायचे.

सुरुवातीला मी बातम्यांच्या आधी वार आणि तारीख सांगायचे. शेठनी ते महिन्याभरात बंद करवलं. "तारीख सांगितली की माल शिळा होतो. आज म्हण, उद्या म्हण. ताजं वाटलं पाहिजे." शिवाय एखाद्या दिवशी वीज नसली, रेकॉर्डिंग झालं नाही, तर कालचीच कॅसेट पुन्हा लावता यायची. मी वाद घातला. दोन दिवस घातला. मग सोडून दिला. या सोडून देण्याबद्दलच मला खरं तर लिहायचं आहे, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. माणूस दमतो, समोरचा दमत नाही.

एक संस्था डोंगरातल्या वाड्यांमध्ये बालवाड्या चालवायची. तळेघरच्या बाजूच्या एका वाडीत नवी बालवाडी निघणार होती. तिला एक शिक्षिका हवी होती आणि एक मदतनीस. मुलाखती घोडेगावला व्हायच्या होत्या, पण मुलाखती घ्यायला पुण्याहून येणाऱ्या बाईंना सवड कधी मिळेल ते नक्की नव्हतं. संस्थेच्या सचिवांनी अर्ज केलेल्या सगळ्यांना सांगितलं होतं, पत्रं वेळेत पोचायची नाहीत, चॅनेल बघत राहा, तारीख त्यावर सांगू.

एका मंगळवारी सकाळी त्यांचा निरोप आला. मुलाखती बुधवारी अकरा वाजता. मी सवयीनं लिहिलं, 'बुधवार', पुढं तारीख. शेठनी कागद बघितला आणि पेन उचललं. मी म्हणाले, "ही जाहिरात आहे, बातमी नाही. तारीख असू द्या." ते म्हणाले, "वीस मिनिटांत एका ठिकाणी तारीख आली की कळतंच ना कॅसेट कधीची ते." त्यांनी खोडून वर 'उद्या' लिहिलं. हॅलोजन पेटलेले होते, पंखा बंद होता. मी वाचलं. "उद्या सकाळी अकरा वाजता, घोडेगाव येथे."

वाचताना तळेघर माझ्या डोक्यात आलं होतं का? आलं होतं. एक क्षणभर आलं होतं. कोणीतरी सांगेल त्यांना, असंही वाटलं होतं. मी स्वतःला या बाबतीत सूट देत नाही.

गुरुवारी दुपारी रेकॉर्डिंग संपलं, मी पंखा लावत होते, तेवढ्यात जिन्यात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, फार तर दोन वर्षांनी मोठी. कडेला चिखल वाळलेली साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आमच्याकडे दशक्रियेची सूचना द्यायला माणसं यायची तशी उभी होती. मी म्हणाले, "बसा ताई."

"बसत न्हाई. बातम्या सांगत्यात त्या तुमीच ना?"

"हो."

"काल संध्याकाळी सात वाजता तुमी म्हणला, उद्या अकराला घोडेगावात मुलाखत. मी आज साडेधालाच जाऊन बसले. तिथला माणूस म्हणतो, मुलाखत काल झाली. मंग तुमी मला कुठला उद्या सांगितला?"

शेठ व्हीसीआरपाशी होते, त्यांनी बटण दाबून टेप थांबवली. "ताई, तुमच्याकडं कॅसेट उशिरा लागते. ते तुमच्या केबलवाल्याला विचारा."

"त्याला घोडेगावातनं फोन करून इचारलं. त्यो म्हणतो जुन्नरला इचारा."

"आता आम्ही काय तिकडं येऊन लावायची का?"

"मला काय माहीत शेठ, तुमी कुठून लावता ते. टीव्हीत बाई दिसती, बोलती, म्हंजे आत्ताच बोलती. आट दिस झालं, रोज वाडीवरनं तळेघरला मामाच्या घरी चालत येती मी, ह्या ताईंच्या तोंडाकडं बघाया. भाताची आवणी चालू व्हती तरी आले. सासू म्हणायची, शिनेमा बघाया जाती."

मग तिनं पिशवी टेबलावर ठेवली. तिला काय हवं होतं ते अगदी स्वच्छ होतं. वाडीवर दहावी झालेली ती एकटीच. बालवाडीची शिक्षिका वाडीतलीच मिळाली तर संस्थेला हवी होती, सचिवांनी तसं तिला तोंडावर सांगितलंही होतं. "तुमी एक कागद द्या. चूक तुमची व्हती, कॅसेट उशिरा लागली, असा. शिक्का मारून. मी सरांना दाखविते. आजच्या आज दिला तर कायतरी व्हईल."

शेठनी मला जिन्यात बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. मी पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा त्यांनी स्वतः डॉक्टर आणला होता. दबक्या आवाजात म्हणाले, "शिक्का मारला की संपलं. सगळे जाहिरातवाले येतील, आमची जाहिरात कुठल्या गावात कधी लागली म्हणून विचारायला."

"जशी लागली तशी सांगू."

"पोरी, हे तुझ्या बापाचं पत्रक नाही. धंदा आहे."

"धंद्यात खोटं चालतं का?"

"खोटं कोण बोललं?" ते शांतपणे म्हणाले. "उद्या तर तू म्हणालीस."

ते वाक्य त्यांनी मला गप्प करण्यासाठी वापरलं, पण वाक्य खरं होतं.

मी तिला घेऊन छापखान्यात गेले. तिथंच कोऱ्या कागदावर, खाली कार्बन घालून लिहिलं. मंगळवारी मुलाखतीची सूचना मी वाचली, तीत तारखेऐवजी 'उद्या' हा शब्द मी वापरला, ती कॅसेट तळेघरला बुधवारी संध्याकाळी दाखवली गेली, त्यामुळं या बाई एक दिवस उशिरा आल्या, त्यात त्यांची चूक नाही. शेठचं नाव घातलं नाही. खाली माझं नाव, त्याखाली 'वृत्तनिवेदिका'. शिक्का नव्हता. आप्पांनी हात पुसून कागद घेतला आणि माझ्याऐवजी तिला वाचून दाखवला. मग तिला म्हणाले, "बघ बाळ, वार आहे, तारीख आहे, वेळ आहे, ठिकाण आहे. कोणी कसलाही कागद दिला तर ही चार आधी बघायची. एक जरी नसलं तरी परत द्यायचा." ती मान हलवत होती. माझ्याकडे आप्पांनी बघितलं नाही.

दुपारच्या एसटीनं आम्ही घोडेगावला गेलो. मी वाटेत तिला बरंच काही सांगत होते. आपला हक्क आहे, ऐकलं नाही तर पत्रक काढू, बाकीच्या वाड्यांमधल्या बायकांनाही हेच झालं असेल, सगळ्यांना एकत्र करू. ती खिडकीतून बघत होती. मध्येच म्हणाली, "ताई, टीव्हीत तुमी एवढ्या बारीक दिसत न्हाई."

सचिव चांगले गृहस्थ होते. चहा सांगितला. कागद पूर्ण वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"शिक्का नाही याच्यावर."

"सही माझी आहे. वाचलं मी आहे."

"ते दिसतंय. पण आम्ही जाहिरात चॅनेलला दिली होती, तुम्हाला नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू का? शिक्का असता तरी उपयोग नव्हता. मंचरकडची एक मुलगी आली होती काल. तिच्या पत्रावर कालच सही झाली. पुण्याच्या बाई गेल्या. आता ते फिरवायचं म्हणजे त्या मुलीवर अन्याय."

"आणि हिच्यावर झाला तो?"

"तो तुम्ही केलात," ते म्हणाले. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं. एका दिवसात हे मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

नंतर ते तिच्याकडे वळले. मदतनिसाची जागा अजून भरायची होती. मुलांना गोळा करायचं, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची. तयारी असेल तर आत्ता सही करा.

तिनं माझ्याकडे बघितलं. "घिऊ का?"

मी म्हणाले, "नका घेऊ. घेतली की विषय मिटला. आपण लढू."

तिनं चहा बशीत ओतला आणि प्यायला. मग म्हणाली, "लढाया परत खाली यावं लागंल, ताई. मला मुक्कामी गाडी गाठायचीय. लेकरू सासूपाशी हाये." आणि तिनं सही केली. तिची सही माझ्या सहीपेक्षा नीट होती.

स्टँडवर मी तिला सोडलं. त्या दिवशीची तळेघरची कॅसेट तिच्याच गाडीच्या कंडक्टरच्या हातात होती. चिकटपट्टीवरचं अक्षर माझंच.

शेठनी मला काढलं नाही. दोन दिवस बोलले नाहीत एवढंच. मी सांगितलं, यापुढं तारीख म्हटल्याशिवाय वाचणार नाही. कसं कोण जाणे, त्यांनी मान्य केलं. मग रोज सुरुवातीला वार आणि तारीख यायला लागली, आणि डोंगरातल्या गावांना कळलं की आपण कालचं बघतो. दोन केबलवाल्यांनी कॅसेट घेणं बंद केलं. बोअरवेलवाल्यानं जाहिरात काढून घेतली. शेठ मला काही म्हणाले नाहीत, पण टेप उतरवताना अधूनमधून स्वतःशीच बोलायचे, "तळेघरची एक कॅसेट राहिली. त्या मंगळवारची. आलीच नाही परत." महिनोन्‌महिने बोलत होते. कॅसेट जाईल कुठं, म्हणायचे.

त्यानंतर जे झालं ते सगळीकडेच झालं. चोवीस तास बातम्या सांगणारी मराठी चॅनेलं आली. तिथल्या मुली तासातासाला नवी साडी नेसायच्या, निदान आम्हाला तसं वाटायचं. मोठ्या शहरातली केबल कंपनी आली, तिनं शेठच्या वायरी घेतल्या. मग लोकांनी स्वतःच्या छोट्या डिश बसवल्या आणि वायरीही गेल्या. आमच्या शेवटच्या बातम्या कुठल्या होत्या ते मला आठवत नाही. शेवटच्या आहेत हे वाचताना कोणाला माहीत नव्हतं. एका सोमवारी गेले तर शेठ निळं कापड घडी करत होते. म्हणाले, "पडद्याला होईल." छापखानाही त्याच सुमारास कॉम्प्युटरवाल्यानं घेतला. आप्पांनी खिळ्यांचा एक डबा घरी आणून ठेवला, तो अजून माळ्यावर आहे. उचलता येत नाही, इतका जड.

मी लिहिते आता. दैनिकांना, कधी मासिकांना. मध्यंतरी हिरड्याच्या खरेदीवर काहीतरी लिहायचं म्हणून तळेघरला गेले. एसटीतून उतरले, दुकानदाराच्या घरावर दोन डिश होत्या, भातखाचरांच्या पलीकडच्या एकेकट्या घरांवरही होत्या. वाडी विचारत विचारत चालत गेले. जाणार नव्हते, पण गेले.

बालवाडी एका खोलीत होती. तीच बाई मुलांना हात धुवायला लावत होती. मला बघून तिनं आधी मुलांचे हात पुसले. "आता दिसत न्हाई तुमी टीव्हीत."

"बंद झालं ते."

"मला वाटलं, आमच्याकडंच येत न्हाई."

शिक्षिका कुठं आहेत, मी विचारलं. ती हसली. मंचरची मुलगी लग्न होऊन गेली, तिच्यानंतर एक आली, ती आठवड्यातून दोनदा यायची, तीही सोडून गेली. शिकवतं कोण? "कोन शिकविनार? हीच काय ती," असं म्हणून तिनं स्वतःकडे बोट केलं. खिचडी शिजवून, झाडून, वर गाणी आणि अक्षरं. पगार मदतनिसाचा.

मग तिनं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून तीच पिशवी काढली, किंवा तसलीच. दहावीचा दाखला, माझ्या कागदाची कार्बन प्रत, आणि एक व्हिडिओ कॅसेट. चिकटपट्टीवर माझं अक्षर. तळेघर.

"आमच्या केबलवाल्याकडनं मागून घेतली व्हती तवाच. पुरावा म्हणून. पुन्हा जागा निघाली तर दाखवाया."

"हे लावायचं मशीन आहे का इथं कोणाकडं?"

"न्हाई ना. दुकानदारानं भंगारात दिलं." तिनं कॅसेट पुन्हा पिशवीत ठेवली आणि एक छापील कागद पुढं केला. "जागा निघाली आता. ह्ये बघा आधी. तुमीच वाचा, मोठ्यांदी."

संस्थेचं पत्रक होतं. मी वाचलं. वार होता, तारीख होती, वेळ होती, ठिकाण होतं. आप्पांनाही काढायला खोट सापडली नसती. दुसऱ्यांदा वाचताना खालची बारीक ओळ दिसली. वयाची अट. मी तिचा दाखला हातात घेतला, जन्मतारीख बघितली, मनात हिशेब केला, पुन्हा केला. तिचं वय अटीच्या वर गेलेलं होतं. फार नाही. त्या बुधवारी ती वेळेत पोचली असती तर आज हा कागद तिच्या हातात यायचं कारणच नव्हतं.

मला ते तिला सांगावं लागलं. या वेळी फिरवून, गोड करून सांगितलं नाही.

ती मुलांकडे बघत राहिली. एक मूल पाटीवर थुंकून पुसत होतं, त्याला तिनं डोळ्यांनीच दटावलं. मी 'आपण लढू' म्हणाले नाही. म्हणायचं बळ नव्हतं, आणि मागच्या वेळी त्याचं काय झालं ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी माझ्या पिशवीतून पॅड काढलं आणि तिच्या नावानं संस्थेला अर्ज लिहायला घेतला. इतकी वर्षं हीच शिकवते आहे. मागच्या वेळी मुलाखत हुकली ती हिच्या चुकीनं नाही. वयाची अट शिथिल करावी. सोबत माझ्या त्या जुन्या कागदाची प्रत जोडत आहे. कॅसेटही मागितल्यास दाखवता येईल, असं लिहिलं आणि खोडलं.

ती खांद्यावरून बघत होती. मी कागद तिच्याकडे दिला. तिनं सही केली नाही. बोट ठेवून वरची ओळ वाचली.

"तारीख हाये," ती म्हणाली. "वार न्हाई टाकला, ताई."

मी वार टाकला.